मेल सर्व्हरमधला बदल पाच मिनिटांत कळायला हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे वृत्तपत्रांतून वारंवार छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण रावेर-यावलचे केळी निर्यातदार, जळगाव एमआयडीसीतले चटई आणि पाइपचे कारखाने, नंदुरबारचे मिरची व्यापारी, गावोगावच्या पतसंस्था यांचा रोजचा कारभार ज्या मेल सर्व्हरवर चालतो, त्याच्या सेटिंगमध्ये कुणी काय बदललं हे बहुतेक ठिकाणी संस्थेतल्या कुणालाच कळत नाही. त्याबद्दल कुठे अक्षर दिसत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही खान्देशात असे सर्व्हर सांभाळणारी माणसं आहोत. आमचं म्हणणं एवढंच, की सेटिंगमध्ये बदल झाला की काय बदललं, कधी बदललं आणि कोणी बदललं याचा अलर्ट पाच मिनिटांच्या आत दोन माणसांच्या हातात पडला पाहिजे, आणि तो त्या सर्व्हरच्या बाहेरच्या वाटेने आला पाहिजे. यासाठी लागणारी सगळी साधनं मोफत मिळतात.

आधी धोका काय ते सांगतो. लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर सर्रास वापरला जातो. त्याच्या सेटिंगची मुख्य फाइल मेन.सीएफ. तिच्यात ‘ऑलवेज_बीसीसी’ नावाची एक ओळ टाकून पुढे कुठलाही पत्ता लिहिला, की सर्व्हरमधून जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत त्या पत्त्यावर जाऊ लागते. पाठवणाऱ्याला, घेणाऱ्याला काहीही दिसत नाही. इनबॉक्स नेहमीसारखा, सेंट फोल्डर नेहमीसारखा. आत शिरलेला माणूस मग घाई करत नाही. आखातातल्या ग्राहकाशी कंटेनरचा भाव ठरतो, प्रोफॉर्मा इनव्हॉइस जातं, आणि नेमक्या त्या वेळी तुमच्या डोमेनसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या डोमेनवरून ग्राहकाला मेल जाते: आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे या नव्या खात्यात भरा. इनव्हॉइस नंबर बरोबर, रक्कम बरोबर, मालाचं वजन बरोबर. ग्राहकाने संशय का घ्यावा? पैसे गेल्यावर १९३० वर फोन करायचा असतो, बँकेला तातडीने कळवायचं असतं, हे सगळं खरं. पण ती एक ओळ पडली त्याच दिवशी कळली असती तर एवढं पुढे गेलंच नसतं.

दुसरी ओळ ‘मायनेटवर्क्स’. या पत्त्यांवरून आलेली मेल लॉगिन न मागता बाहेर पाठव, असं ती पोस्टफिक्सला सांगते. प्रिंटर-स्कॅनरमधून मेल जात नाही म्हणून वैतागून कुणी तिथे ०.०.०.०/० लिहिलं, तर स्कॅनर लगेच चालू होतो आणि त्याबरोबर जगातल्या कुणालाही तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवता येते. स्पॅमवाल्यांची यंत्रं असे उघडे सर्व्हर रात्रंदिवस शोधतच असतात. मेलची रांग फुगते, सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत जातो आणि खऱ्या ग्राहकांना पाठवलेल्या मेल ५५० चा नकार घेऊन परत येऊ लागतात. यादीतून नाव काढायला अर्ज करावा लागतो. तोवर धंदा फोनवर.

प्रत्येक वेळी चोरच असतो असं नाही. चांगल्या हेतूने केलेला बदल जास्त फसवतो, कारण त्याच्याकडे कुणी संशयाने बघत नाही. पोस्टफिक्समध्ये एका मेलची कमाल मर्यादा मुळात १,०२,४०,००० बाइट असते, म्हणजे साधारण १० एमबी. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात ७ एमबीच्या आसपासची पीडीएफच जाते. निर्यातीची स्कॅन केलेली कागदपत्रं त्यात बसत नाहीत, म्हणून कुणीतरी ‘मेसेज_साइझ_लिमिट’ वाढवून ६० एमबी करतो. पण ‘मेलबॉक्स_साइझ_लिमिट’ ही दुसरी मर्यादा मुळात ५,१२,००,००० बाइटच असते आणि ती तशीच राहते. मेलबॉक्सची मर्यादा मेलच्या मर्यादेपेक्षा लहान झाली की पोस्टफिक्सचा लोकल डिलिव्हरीचा प्रोसेस (मेल पेटीत टाकणारा भाग) चूक दाखवून बंद पडतो. आलेली मेल पेटीत पडत नाही, रांगेत अडकून राहते. रांगेत ती मुळात ५ दिवस ठेवली जाते आणि ‘मेलला उशीर होतो आहे’ अशी सूचना पाठवणाऱ्याला जाण्याची सोय मुळात बंद असते. म्हणजे पाच दिवस समोरचा समजतो मेल पोचली, आणि आपण समजतो त्याने पाठवलीच नाही. बदल झाल्यावर पाच मिनिटांत अलर्ट आला असता, तर ज्याने बदल केला त्यालाच लगेच विचारता आलं असतं.

‘फाइल बदलली तरी जोवर रीलोड करत नाही, म्हणजे ती पुन्हा वाचायला सांगत नाही, तोवर काही होत नाही’ असं अनेकजण धरून चालतात. पोस्टफिक्सचे बरेच प्रोसेस अल्पायुषी असतात. मुळातल्या सेटिंगप्रमाणे १०० कामं झाली किंवा १०० सेकंद रिकामे राहिले की ते संपतात आणि नवा प्रोसेस मेन.सीएफ पुन्हा वाचतो. त्यामुळे अर्धवट लिहिलेली ओळसुद्धा रीलोडशिवाय हळूहळू लागू होऊ लागते. कोणते प्रोसेस चालवायचे हे ठरवणाऱ्या मास्टर.सीएफ या दुसऱ्या फाइलचं मात्र उलट आहे. तिथली चूक रीलोड किंवा रीस्टार्ट होईपर्यंत झोपून राहते. मग महिन्याभराने उन्हाळ्यात लाइट जाते, यूपीएस संपतो, सर्व्हर नव्याने उठतो आणि मेल बंद. सगळे लाइटला दोष देतात. चूक एक महिना जुनी असते.

आता उपाय. आमचा अनुभवाने पक्का झालेला सल्ला असा, की सुरुवात दर पाच मिनिटांच्या तुलनेने करा. फाइलवर क्षणोक्षणी नजर ठेवणारं आयनोटिफाय हे तंत्र आकर्षक आहे, पण त्याला एक खोड आहे: ते फाइलच्या नावाला धरून बसत नाही, डिस्कवरच्या तिच्या आयनोडला (अंतर्गत ओळखक्रमांकाला) धरून बसतं. विमसारखे एडिटर अनेकदा सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात. नजर जुन्या, टाकून दिलेल्या फाइलवर राहते आणि पुढचा एकही बदल दिसत नाही. ते वापरायचंच तर फाइलवर न लावता फोल्डरवर लावा. शिवाय सर्व्हर बंद असताना, डिस्क दुसरीकडे जोडून केलेला बदल त्याला कळणारच नाही. पाच मिनिटांची तुलना मागच्या जतन केलेल्या स्थितीशी होते, म्हणून मध्ये सर्व्हर बंद पडला तरी फरक सापडतो.

तुलना कशाची करायची? नुसत्या फाइलींची केली तर एक टिप्पणी लिहिली तरी अलर्ट येईल. त्याऐवजी ‘पोस्टकॉन्फ -एन’ ही कमांड मेन.सीएफमध्ये स्पष्ट लिहिलेल्या सेटिंगची यादी देते, ‘पोस्टकॉन्फ -एम’ (यातला एम मोठा) मास्टर.सीएफची देते आणि ‘डव्हकॉन्फ -एन’ डव्हकॉटची, म्हणजे पेटीतली मेल वापरणाऱ्याला देणाऱ्या प्रोग्रॅमची. या तिन्हींचं आउटपुट साठवा. पोस्टकॉन्फ चुकीच्या स्पेलिंगचं सेटिंग दिसलं की ‘अनयूज्ड पॅरामीटर’ असा इशारा देतं, पण तो चुकांच्या वेगळ्या प्रवाहात जातो; तो प्रवाहही त्याच फाइलीत घ्या. डव्हकॉन्फच्या सुरुवातीला हॅशच्या ओळींत कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती छापलेली असते. त्या ओळी गाळल्या नाहीत तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर खोटा अलर्ट येतो. याशिवाय /ईटीसी/पोस्टफिक्स, /ईटीसी/डव्हकॉट, /ईटीसी/एलियासेस (एका पत्त्याची मेल दुसऱ्याकडे वळवणारी यादी) आणि डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) किल्ल्या असलेला फोल्डर, यांतल्या प्रत्येक फाइलचा शा२५६ ठसा (मजकूर बदलला की बदलणारा आकडा), मालक आणि परवानग्या यांची यादी ठेवा.

एक गोष्ट इथे फार महत्त्वाची. अलर्टमध्ये ‘काय बदललं’ हे दाखवताना पासवर्ड बाहेर जाऊ देऊ नका. ‘एसएएसएल_पासडब्ल्यूडी’ ही पासवर्डची फाइल, मायएसक्यूएल डेटाबेसच्या जोडणीच्या फाइली, डीकेआयएमची खासगी किल्ली यांच्यातला मजकूर कधीही मेलमध्ये घालायचा नाही. त्यांचं फक्त नाव आणि ठसा बदलला एवढंच कळवा. डव्हकॉन्फ खासगी गोष्टी आपणहून झाकतं. मोठा पी हा पर्याय देऊन त्या उघड्या करू नका.

ही तुलना करणारी स्क्रिप्ट लिहिताना दोन जागी हमखास चुकतं. पहिली चूक डिफ कमांडची. दोन फाइली सारख्या असतील तर डिफ ० परत देतं, फरक असेल तर १, आणि स्वतःच अडखळलं तर २. स्क्रिप्टच्या डोक्यावर सवयीने ‘सेट -ई’ लिहिलेलं असलं तर १ आल्याबरोबर स्क्रिप्ट तिथेच थांबते. म्हणजे बदल नसताना ती सुरळीत धावते आणि बदल सापडला की गप्प होते. डिफचा निकाल वेगळा पकडून त्यावरच पुढचा निर्णय घ्या. दुसरी चूक क्रमाची. नव्या स्थितीची फाइल जुनीच्या जागी आधी ठेवली आणि मेल नंतर पाठवली, तर मेल जाताना नेट तुटल्यास तो अलर्ट कायमचा हरवतो, कारण पुढच्या फेरीत फरकच उरत नाही. आधी पाठवा, पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने ० परत दिला तरच नवी फाइल जुनीच्या जागी हलवा. नाहीतर पुढच्या फेरीत तोच फरक पुन्हा सापडेल आणि पुन्हा पाठवला जाईल. दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) ती एफलॉकखाली (एका वेळी एकच फेरी चालू देणाऱ्या कुलपाखाली) चालवा. साठवणीचा फोल्डर रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) मालकीचा, परवानगी ७००, म्हणजे फक्त मालकाला.

अलर्ट कोणत्या वाटेने जातो, यावर या सगळ्याचा भरवसा टिकून आहे. तार तुटली हे त्याच तारेवरून कळवता येत नाही. पोस्टफिक्स बिघडला असेल तर पोस्टफिक्समधून पाठवलेला अलर्ट रांगेत अडकेल, आणि आत कुणी शिरला असेल तर तो रांगेतून उचलून टाकेल. क्रॉनची स्वतःची मेलही त्याच सर्व्हरमधून जाते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. एमएसएमटीपी हा छोटा प्रोग्रॅम बसवा आणि तुमच्या डोमेनबाहेरच्या एखाद्या खात्यातून पोर्ट ५८७ वरून टीएलएस या सांकेतिक जोडणीसह पाठवा. जीमेलचं खातं वापरत असाल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. एमएसएमटीपीच्या सेटिंगच्या फाइलची परवानगी ६०० ठेवा. ‘फ्रॉम’मध्ये त्याच बाहेरच्या खात्याचा पत्ता द्या. हौसेने आपल्या कंपनीचा पत्ता टाकला तर तुमचं स्वतःचं डीमार्क धोरणच (तुमच्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) त्या मेलला स्पॅममध्ये ढकलेल किंवा नाकारेल. फायरवॉलमधून बाहेर जाणारा ५८७ उघडा आहे का, हेही आधी पाहा.

हातात पडणारा अलर्ट असा दिसायला हवा:

विषय: मेल१ – मेन.सीएफ – २ ओळी – २२:४१
– मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८ १९२.१६८.१०.०/२४
+ मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८ १९२.१६८.०.०/१६
लॉगिन: ऑफिस२, सुडोने रूट, कमांड विम
बदल नोंदवही: नोंद नाही

एवढं वाचून मालकालाही कळतं, की रात्री पावणेअकराला ‘ऑफिस२’ या लॉगिनने आतल्या २५६ पत्त्यांऐवजी ६५,५३६ पत्त्यांना लॉगिनशिवाय मेल पाठवायची मुभा दिली. ‘सर्व्हरवर काहीतरी बदल झाला आहे’ एवढाच अलर्ट असेल तर तिसऱ्या वेळेपासून कुणी तो उघडत नाही.

‘कोणी’ हे ऑडिटडी हा लिनक्सवर घडामोडींच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम सांगतो. /ईटीसी/ऑडिट/रूल्स.डी मध्ये एक फाइल करून तीत ‘-डब्ल्यू /ईटीसी/पोस्टफिक्स -पी डब्ल्यूए -के मेलकॉन्फ’ अशी ओळ लिहा. डब्ल्यूए म्हणजे लिहिणं आणि परवानगी-मालकी बदलणं. डव्हकॉट, एलियासेस आणि क्रॉनच्या फोल्डरांसाठी तशाच ओळी. मग ‘ऑजेनरूल्स --लोड’. नोंदी ‘ऑसर्च -के मेलकॉन्फ -आय’ने निघतात. यातला ‘एयूआयडी’ हा रकाना बघायचा, कारण माणसाने सुडो (रूटचे अधिकार घेण्याची कमांड) करून रूट झाल्यावरही मूळ लॉगिन कोणाचं होतं ते त्यात टिकून राहतं. मात्र सगळे एकाच ‘अ‍ॅडमिन’ खात्याने आत येत असतील तर ऑडिटडी तरी काय सांगणार? प्रत्येकाचं खातं वेगळं करा, हे आधी. दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणी बदल करून परत पूर्ववत केला, तर पाच मिनिटांच्या तुलनेत तो दिसत नाही, ऑडिटडीत दिसतो. म्हणून दोन्ही हवेत. आणि जुन्या स्थितीवर परत जाता यावं म्हणून ईटीसीकीपर बसवा. ते सगळा /ईटीसी फोल्डर गिटमध्ये (प्रत्येक जुनी आवृत्ती जपणाऱ्या साठ्यात) ठेवतं आणि पॅकेज बसवताना व दिवसातून एकदा आपोआप नोंद करतं. त्या गिटमध्ये पासवर्डही जातात, तेव्हा ते बाहेरच्या कुठल्या उघड्या सर्व्हरवर ढकलू नका.

ज्या सर्व्हरवर पेट्या आणि एलियास डेटाबेसमध्ये आहेत, तिथे फाइलींवर कितीही नजर ठेवली तरी उपयोग नाही. पोस्टफिक्सअ‍ॅडमिनसारख्या पॅनेलमधून कुणी ‘अकाउंट्स’च्या एलियासमध्ये एक बाहेरचा पत्ता जोडला, तर एकही फाइल बदलत नाही. पॅनेल स्वतःच्या लॉग टेबलात नोंद ठेवतं, पण थेट डेटाबेसमध्ये केलेला बदल तिथेही येत नाही. उपाय सोपा आहे: एलियास टेबलातले ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘गोटू’ हे दोन रकाने पत्त्याच्या क्रमाने काढून तीच पाच मिनिटांची तुलना त्यांच्यावर चालवा. क्रम लावला नाही तर डेटाबेस ओळी मागेपुढे देईल आणि विनाकारण अलर्ट येतील. तसंच, राउंडक्यूब या वेबमेलमध्ये वापरणारे स्वतः फिल्टर बनवतात आणि ते सीव्ह फाइलींत साठतात. तिथे फक्त ‘रीडायरेक्ट’ (मेल दुसरीकडे वळव) असलेल्या ओळींमधले बाहेरचे पत्ते बघा. बाकीचे फिल्टर ही त्या कर्मचाऱ्याची खासगी व्यवस्था आहे, ती अलर्टमध्ये आणू नये. पोस्टफिक्सच्या मजकुरी टेबलांत उलटा घोळ होतो: कुणी ‘व्हर्च्युअल’ फाइल बदलतो आणि पोस्टमॅप (सर्व्हर वाचतो ती .डीबी फाइल बनवणारी कमांड) चालवायला विसरतो. फाइल बदलली, अलर्ट आला, पण चालू असलेली यादी जुनीच. अलर्टमध्ये मजकुरी फाइल आणि तिची .डीबी या दोन्हींची वेळ छापा, म्हणजे हे लगेच उमगतं.

सर्व्हरच्या बाहेरही मेलचं एक सेटिंग असतं, ते डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत. एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ती नोंद) बदलला तर येणारी सगळी मेल दुसऱ्याच्या दारात. एसपीएफची (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या नोंदीची) गोष्ट आणखी वेगळी: सणाच्या ऑफरच्या घाऊक मेल पाठवणारी एजन्सी ‘ही ओळ टाका’ म्हणून सांगते, डोमेन सांभाळणारा जुन्या ओळीत भर घालण्याऐवजी दुसरी एसपीएफ ओळ टाकतो. एका डोमेनला दोन एसपीएफ ओळी असल्या की दोन्ही निकामी होतात. तपासणाऱ्याला कायमची चूक दिसते. एका ओळीतही डीएनएसला विचारणा करायला लावणारे भाग १० पेक्षा जास्त झाले तर तेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही. तेव्हा दुसऱ्या एखाद्या मशीनवरून दर १५ मिनिटांनी डिग कमांडने एनएस, एमएक्स, टीएक्सटी, डीकेआयएमचा सिलेक्टर आणि डीमार्क या नोंदी काढून तुलना करा. विचारणा डोमेनच्या मूळ नेमसर्व्हरला करा, नाहीतर जवळचा रिझॉल्व्हर टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) संपेपर्यंत जुनंच उत्तर देत राहील. उत्तरं क्रमाने लावून घ्या, कारण नेमसर्व्हर त्यांचा क्रम फिरवतो.

जोडणी सांकेतिक ठेवणाऱ्या सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याची आठवण करून देणाऱ्या मेल ४ जून २०२५ पासून बंद केल्या. त्या येतील या भरवशावर अजून कुणी असेल तर त्याने आजच स्वतःची तपासणी लावावी. ९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले असताना नूतनीकरण होतं, म्हणून २० च्या खाली गेलं की अलर्ट. फाइल नवी झाली तरी डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच सर्टिफिकेट देतो, तेव्हा फाइल न बघता ओपनएसएसएलने प्रत्यक्ष पोर्टवर बघा.

ज्यांचा मेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे त्यांना स्क्रिप्टची गरज नाही, पण ‘मोठ्या कंपनीचं आहे, सगळं होतंय’ म्हणून स्वस्थही बसता येत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये बाहेर मेल वळवणारा नियम तयार झाल्याचा अलर्ट आणि एक्स्चेंजचे अ‍ॅडमिन अधिकार वाढवल्याचा अलर्ट आधीपासून तयार असतात. ते मुळात ‘टेनंट अ‍ॅडमिन्स’ना जातात, आणि आपल्याकडे तो अ‍ॅडमिन म्हणजे पुष्कळदा लायसन्स विकणाऱ्याने सुरुवातीला बनवलेलं, कुणी न उघडणारं खातं असतं. अलर्ट पॉलिसीत जाऊन प्रत्येकाचा प्राप्तकर्ता बदला. ट्रान्सपोर्ट रूल, कनेक्टर आणि मेलबॉक्सचं फॉरवर्डिंग यांतले बदल ऑडिट लॉगमध्ये दिसतात. तो लॉग साध्या योजनेत १८० दिवस राहतो. गूगलमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलच्या ‘रूल्स’ विभागात तयार नियम आहेत. त्यांतले जीमेल सेटिंग आणि अ‍ॅडमिन अधिकार यांच्याशी संबंधित नियम उघडून ईमेल सूचना चालू आहे का आणि ती कोणाला जाते, हे पाहा. सीपॅनेलच्या सामायिक होस्टिंगवर रूट मिळत नाही, म्हणून तिथे डीएनएसची बाहेरून तपासणी आणि ‘फॉरवर्डर्स’ व ‘ईमेल फिल्टर्स’ ही दोन पानं दर सोमवारी डोळ्यांनी बघणं, एवढंच हाती राहतं. पैशाचे व्यवहार मेलवर चालत असतील तर अशा होस्टिंगवर राहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नोंदी किती दिवस ठेवायच्या हेही ठरलेलं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. आता आपले सर्व्हर मुळात काय करतात ते बघा. डेबियन या लिनक्सवर रसिसलॉग या नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचा लॉगरोटेट दर आठवड्याला फाइल फिरवतो आणि ४ जुन्या ठेवतो. म्हणजे महिनाभराच्या पलीकडचं काही नाही. ऑडिटडी ८ एमबीच्या ५ फाइली ठेवतो. गजबजलेल्या सर्व्हरवर ते काही दिवसांत पुसलं जातं. लॉगरोटेटमध्ये ४ च्या जागी २७ करा, ऑडिटडी.कॉन्फमध्ये ‘नम_लॉग्स’ वाढवा, आणि दोन्ही लॉग दुसऱ्या मशीनवर सोडा, कारण रूट मिळालेला माणूस पहिल्यांदा याच फाइली पुसतो. घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवा. वेळ चुकलेली असेल तर फायरवॉलची नोंद आणि सर्व्हरची नोंद एकमेकींशी लागत नाही.

अलर्ट येईनासे झाले तर? बदल नाही म्हणून शांतता आहे की स्क्रिप्टच मेली, हे वरून सारखंच दिसतं. रोज सकाळी साडेनऊला ‘शेवटची फेरी अमुक वाजता, कालचे बदल इतके’ अशी एक मेल ठेवा. पण न आलेली मेल माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्याबरोबर बाहेरची अशी सेवा वापरा जिला स्क्रिप्ट दर फेरीला हजेरी देते आणि १५ मिनिटं हजेरी आली नाही की ती सेवाच तुम्हाला कळवते.

आता मालक आणि संचालक मंडळींसाठी. देखभालीचा करार करताना, म्हणजे एएमसी लिहिताना, ही कलमं घालून घ्या: मेल सर्व्हर आणि डीएनएसमधल्या प्रत्येक बदलाचा अलर्ट दोन पत्त्यांवर जाईल, त्यांतला एक संस्थेच्या माणसाचा आणि डोमेनबाहेरचा असेल. बदल करण्याआधी नोंदवहीत तारीख, कारण आणि सांगणाऱ्याचं नाव लिहिलं जाईल. नोंद नसलेल्या बदलाचं उत्तर त्याच दिवशी मिळेल. अलर्ट फक्त देखभाल करणाऱ्यालाच जात असतील तर तो स्वतःच स्वतःवर पहारा देतो आहे. आम्ही त्याच धंद्यातले असूनही हे सांगतो. पतसंस्थांनी हे संगणक लेखापरीक्षणाच्या यादीत घ्यावं. खान्देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनंती, की नेटवर्क लॅबमध्ये एक प्रात्यक्षिक याचं ठेवा. दोन तासांत बसतं, आणि इथल्याच कारखान्यांना अशी मुलं हवी आहेत.

शेवटी तपासणीची पद्धत. महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, सांगून-सवरून एक निरुपद्रवी बदल करा. मेन.सीएफमध्ये टिप्पणी लिहून भागत नाही; तिने फाइलचा ठसा बदलतो, पण पोस्टकॉन्फची तुलना चालते का ते कळत नाही. ‘डिले_वॉर्निंग_टाइम’ ४ तासांचा करा; त्याने काही बिघडत नाही, उलट अडकलेल्या मेलची सूचना तरी मिळू लागते. घड्याळ लावा. दोन्ही पत्त्यांवर अलर्ट पोचला का, जुनी-नवी ओळ दिसते का, लॉगिनचं नाव बरोबर आहे का, स्पॅममध्ये तर गेला नाही ना, हे पाहा. मग सेटिंग मुळावर आणा आणि दुसरा अलर्टही येतो का ते बघा. पुढच्या महिन्यात हाच प्रयोग एलियासवर करा, त्याच्या पुढच्या महिन्यात डीएनएसमधल्या एखाद्या निकामी टीएक्सटी नोंदीवर. ज्या पत्त्याचा माणूस नोकरी सोडून गेला आहे तो यादीतून त्याच दिवशी काढा आणि त्याच्या जागी दुसरं नाव लिहा.

आपले,
खान्देशात मेल सर्व्हरची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ
जळगाव – धुळे – नंदुरबार